पडद्यामागचं अरेतुरे

१

निघण्याआधी यादी वाचायची, हा त्याचा नियम होता. ड्रायव्हरच्या सीटवर बसून, वही गुडघ्यावर उघडी ठेवून तो एकेक शब्द मोठ्याने म्हणायचा आणि मागून बायको उत्तर द्यायची.

"गॅस?"

"बंद."

"छताची खिडकी?"

"लावली."

"कपाटाच्या कड्या?"

"लावल्या हो, सगळ्या लावल्या."

"पायरी?"

"आत घेतली. निघा आता."

एकतीस वर्षं तो कोर्टात लघुलेखक होता. साक्षीदार बोलणार, वकील त्याला अडवणार, न्यायाधीश दोघांना गप्प करणार, आणि ह्याने ते सगळं रेघोट्यांच्या लिपीत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. निवृत्त झाल्यावर लोक बागकामाला लागतात आणि कंबर धरून बसतात. त्याने ही घरगाडी घेतली. पुढे दोन सीटा. त्यांच्या मागे जाड करडा पडदा. पडद्यामागे समोरासमोर दोन बाकडी आणि मधे टेबल, मग हातभर ओटा, कोपरं अंगाशी घेऊन उभं राहावं लागेल एवढी न्हाणी, आणि अगदी शेवटी आडवा पलंग. बायकोने गाडीचं नाव कासव ठेवलं होतं. पाठीवर घर आणि चालायची घाई नाही.

जाताना ती त्याच्या शेजारी बसली होती, नकाशा मांडीवर घेऊन. पाट्यांवरून, वळणांवरून, कुठे थांबायचं आणि कुठे नाही यावरून दोघं भांडत भांडत समुद्रापर्यंत पोचली आणि तिथे तीन आठवडे राहिली. आता परतीचा रस्ता होता, चार दिवसांचा. आणि पहिल्याच सकाळी ती म्हणाली होती, "मी मागेच बसते. पाय लांब करता येतात."

त्याने किल्ली फिरवली. गाडी थरथरली, ओट्याखाली चमचे किणकिणले. तेवढ्यात पडद्यामागून तिचा आवाज आला, अगदी सहज, हळू.

"अरे, तो डबा धर ना. पडेल."

त्याचा पाय क्लचवरच राहिला.

तसं त्यात काही नव्हतं. माणूस घरात एकटं असलं की डब्याशी बोलतं, दुधाशी बोलतं, अडकलेल्या खिडकीला शिव्या देतं. पण तिने डब्याला "पडशील" म्हटलं नव्हतं. डबा धरायला सांगितलं होतं. आणि "अरे" म्हणून सांगितलं होतं.

सत्तावीस वर्षांत तिने त्याला कधी "अरे" म्हटलं नव्हतं. लग्नानंतर महिन्याभराने त्यानेच एकदा सुचवलं होतं, की आपण दोघंच असताना तू मला तू म्हणत जा. तिने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग हसून सोडून दिला. "जीभच वळत नाही हो," म्हणाली होती.

त्याने गाडी रस्त्यावर घेतली.

२

अकराच्या सुमारास ती हसली.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली सपाट शेतं. हसू आधी दबकं होतं, तोंडावर हात धरल्यासारखं, आणि मग हात सुटल्यासारखं मोकळं. ते संपेपर्यंत त्याने मनातल्या मनात किती खांब मागे गेले ते मोजलं. पाच.

फोनवर बोलत असेल, त्याने ठरवलं. बहीण असेल. बहिणीशी बोलताना ती अशी हसते.

मग त्याची नजर खाली गेली. तिचा फोन त्याच्याच समोर होता, वायरला लावलेला, काळ्या काचेवर सकाळची धूळ.

"नाही रे," मागून आवाज आला. "तसं नव्हतं ते. तू उगाच मनाला लावून घेतलंस."

मग थोडी शांतता. ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. कोर्टात त्याने अशी शांतता हजारदा ऐकली होती. दुसऱ्या खोलीत कुणी फोनवर बोलत असेल तर पलीकडचं माणूस कधी बोलतंय आणि कधी थांबलंय, हे अलीकडच्याच्या श्वासावरून कळतं.

"हो?" ती म्हणाली. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

डिझेल भरायला थांबल्यावर ती खाली उतरली, हात डोक्यावर ताणून आळस दिला. गालांवर रंग होता. केस नीट विंचरून मागे बांधले होते. एरवी प्रवासात ती दोन-दोन दिवस केसांना फणी लावायची नाही.

"मागे कुणाशी बोलत होतीस?" त्याने विचारलं.

"तुमच्याशीच," ती म्हणाली. "ऐकू नाही आलं?"

"अरे म्हणालीस."

"मी?" तिने भुवया उंचावल्या. "तुम्हाला?"

आणि ती हसत कॉफी आणायला गेली. तिने खोटं सांगितलं नव्हतं. साक्षीदार खोटं बोलायला लागला की आधी त्याच्या शब्दांची लांबी वाढते. तिचे शब्द तोकडे होते, सोपे होते. त्याने वही काढली आणि ऐकलेली चार वाक्यं लघुलिपीत उतरवून ठेवली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

३

खरं तर हे दुखणं जुनं होतं.

अकरा वर्षांपूर्वी ती एका गायकवृंदात गात होती. दर गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या सभागृहात, वीस-बावीस हौशी माणसं. तिच्या शेजारी एक दाताचा डॉक्टर उभा राहायचा. उंच, टकला, आवाजाने गोड. दोघं एकाच वहीतून गायची, कारण डॉक्टर स्वतःची वही नेहमी विसरायचा. बस, एवढंच. ह्यापलीकडे काही नव्हतं हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

त्याने आरोप केला नाही, आवाज चढवला नाही. तो फक्त दर गुरुवारी तिथे जाऊन बसायला लागला. शेवटच्या ओळीतल्या खुर्चीवर, हाताची घडी घालून, कोट न काढता. तालीम संपेपर्यंत. लोक आधी हसून मान हलवायचे, मग बघेनासे झाले. सातव्या गुरुवारी डॉक्टर दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. अकराव्या गुरुवारी ती चपला घालता घालता थांबली, परत आत आली आणि म्हणाली, "कंटाळा आलाय. आज नको."

त्यानंतर ती गायली नाही. स्वयंपाक करतानासुद्धा नाही. आणि हा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

दुपारी एका झाडाखाली गाडी उभी केली. ती पाणवठ्यापर्यंत फिरून येते म्हणून गेली आणि त्याने गाडी तपासायला घेतली. आपण काय करतोय याची लाज वाटत होती, तरी थांबवेना. न्हाणीचं दार उघडलं. पलंगाखालचा खण उघडला, त्यात छत्र्या आणि बूट. बाकड्यांच्या फळ्या उचलल्या, खाली पाण्याच्या नळ्या आणि दोरीचं भेंडोळं. कपाटात तिचे कपडे, त्याचे कपडे. जिथे मांजर लपू शकणार नाही तिथेही त्याने हात घालून पाहिला.

कुणी नव्हतं. असणार कोण?

तो दमून बाकड्यावर टेकला. ती बसायची त्याच्या समोरच्या. बसला आणि लगेच उठला.

मग वाकून गादीवर तळहात ठेवला. गादी कोमट होती. ऊन आलं असेल, तो स्वतःशी म्हणाला. मग त्याने खिडकीकडे पाहिलं. सकाळभर सूर्य दुसऱ्या अंगाला होता. ज्या बाकड्यावर ती बसली होती त्याच्यावर हात ठेवला, तर ते तेवढंच कोमट होतं. ना कमी, ना जास्त.

४

दुसऱ्या दिवशी भांडी आवरताना त्याला दोन मग दिसले. धुऊन पालथे घातलेले.

"हे दोन कसे?"

"एक माझा, एक तुमचा," ती ओटा पुसत म्हणाली.

"माझा पुढे आहे. त्यात कॉफी आहे अजून."

ती पुसायची थांबली. पडद्याच्या फटीतून तिने त्याच्या मगकडे पाहिलं. शेजाऱ्याच्या घरातली वस्तू पाहावी तसं.

"असेल," ती म्हणाली.

तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की हिची तब्येत बिघडतेय. तो विचार भयंकर होता, आणि तरी त्याने तो घट्ट धरून ठेवला, कारण त्यात दुसरा पुरुष नव्हता. घरी पोचल्यावर डॉक्टरांना दाखवू. चांगल्या डॉक्टरांना. बरेच जण होतात बरे.

"आज तू चालव," तो म्हणाला. "मी मागे बसतो."

तिने कटकट केली नाही. सीट पुढे ओढली, आरसे नीट केले आणि त्याच्यापेक्षा हलक्या हाताने गाडी रस्त्याला लावली. त्याने पडदा बाजूला सरकवून बांधून टाकला आणि तिच्या नेहमीच्या जागेवर बसला. समोरचं बाकडं रिकामं होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

काही घडलं नाही. कपाटाची कडी टकटक करत होती. टाकीतलं पाणी चढाला मागे जायचं, उताराला पुढे यायचं, लहान मुलाने तोंडात घोट घोळवावा तसा आवाज करत. अर्धा तास गेला. तास गेला.

बायको बोलत नव्हती.

हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ती काल सबंध दिवस बोलत होती. आज तो इथे बसलाय, चार हातांवर, आणि तिच्या चेहऱ्याची जी एक बाजू दिसतेय ती बस थांब्यावर उभ्या असलेल्या बाईची आहे. त्याला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. त्याने खूप शोधलं.

"हवा छान आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

आणखी वीस मिनिटांनी तो म्हणाला, "टायरमधली हवा बघायला हवी."

"हं."

तो मागे असताना ते जे काही होतं ते येत नव्हतं. म्हणजे बाकड्यावर दोघांपुरती जागा नव्हती. आपण असला काहीतरी विचार करतोय याचंच त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. कारण त्याच्यामागोमाग दुसरा विचार आला: ती वाट बघतेय. मी उठायची.

दुपारी तिने गाडी थांबवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. "माझे खांदे भरून आले. घ्या तुम्ही."

मागे जाताना तिने पडद्याची गाठ सोडली.

५

तिसऱ्या दिवशी ती गायली.

घाट चढून गेल्यावर पठार लागलं होतं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घुमत होती. आधी त्याला वाटलं की इंजिनाचाच सूर आहे. मग त्यातून शब्द नसलेली चाल वर आली. तीच. सभागृहातली. दर गुरुवारी शेवटच्या ओळीत बसून त्याने ती चाल इतक्यांदा ऐकली होती की झोपेतही म्हटली असती, जर त्याला गाता आलं असतं तर.

अकरा वर्षांनी तिचा आवाज थोडा खाली आला होता. कडेला किंचित फाटत होता. पण गात होती. इथे, त्याच्या पाठीमागे, एका पडद्याच्या अंतरावर, आणि त्याच्यासाठी नाही.

दुसऱ्या ओळीला तिच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आला.

पुरुषाचा. खालचा. गाता न येणाऱ्या माणसाचा, जो नुसता सूर धरून मागोमाग चालतो. डॉक्टर! त्याच्या मनाने ओरडून सांगितलं, आणि त्याला क्षणभर बरं वाटलं, इतकं बरं की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर असेल तर सगळं सरळ होतं. गाडी थांबवायची, कॉलर धरायची.

पण डॉक्टरचा आवाज गोड होता. हा तसा नव्हता. हा कोरडा होता, नाकात थोडा अडकणारा. कोर्टात "वाचून दाखवा" असा हुकूम झाला की उभं राहून साक्ष वाचायची ती त्याने हयातभर ह्याच आवाजात वाचली होती. ध्वनिमुद्रण तपासताना तोच आवाज तासन्‌तास ऐकला होता. हा आवाज कुणाचा आहे हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

गाणं थांबलं. चाकांचा घोष तेवढा राहिला. आणि मग तो आवाज बोलला, सावकाश, एकेक शब्द पारखून.

"मी तिथे येऊन बसायला नको होतं. गुरुवारी. एकाही गुरुवारी. मला कळत होतं आणि तरी मी बसलो."

तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"तुझं गाणं मी बंद केलं," आवाज म्हणाला. "माफ कर मला."

मग तिचं रडणं. दुःखाचं नाही. खूप दिवस दाबून धरलेलं ओझं कुणी खांद्यावरून उतरवून घेतलं की माणूस जसं रडतं, तसं.

"किती उशीर केलास रे," ती म्हणाली.

६

त्याने गाडी कशी थांबवली त्याचं त्यालाच आठवत नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढे निघून गेलं. त्याने पट्टा काढला, वळला आणि पडदा ओढला, इतक्या जोराने की वरच्या दोन कड्या तुटून टेबलावर पडल्या.

ती एकटीच होती. पाय बाकड्यावर घेऊन बसलेली, डोळे ओले, चेहरा धुतल्यासारखा. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. समोरचं बाकडं रिकामं होतं.

"कोण बोलत होतं?"

"कधी?"

"आत्ता. माफी कोण मागत होतं?"

तिने गालावरून हात फिरवला. त्याला वाटलं, आता ती म्हणेल तुम्हीच, आणि मला तेही चालेल. तसं म्हणाली तर मी मान हलवीन. हो म्हणीन. हो, मीच होतो. निदान ते माझ्या नावावर राहील.

पण तो लघुलेखक होता. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य स्वतःच्या नावावर घेणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"तो मी नव्हतो," तो म्हणाला. "कळतंय का तुला? मी इथे होतो. पुढे. दोन्ही हात चाकावर. तो मी नव्हतो!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. घाबरून नाही, गोंधळून नाही. थकलेल्या माणसाकडे पाहावं तसं, थोडं प्रेमानेसुद्धा.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

बाहेरून एक ट्रक गेला. सगळी गाडी हलली, आणि ओट्याखाली चमचे बराच वेळ किणकिणत राहिले.

"कधीपासून?" त्याने विचारलं. तेवढंच सुचलं.

"समुद्रावरून निघालो ना, तेव्हापासून. तुम्ही यादी वाचत होतात." तिने टेबलावरच्या तुटक्या कड्या गोळा करून मुठीत धरल्या. "बसा पुढे. रस्त्यात उभी आहे गाडी. कुणीतरी येऊन आदळेल."

"पण तो—"

"तुम्ही गाडी चालवा," ती म्हणाली.

७

त्याने तिला पुढे बसायला लावलं. ती आली. पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले, रस्त्याकडे पाहत राहिली.

मैलभर गेल्यावर त्याने घसा साफ केला. हे वाक्य त्याच्याजवळ अकरा वर्षं होतं. अंघोळ करताना, चष्मा पुसताना, सगळं घर झोपल्यावर नळ बंद करायला उठताना त्याने ते शंभरदा जुळवलं होतं. दर वेळी वाटायचं, उद्या.

"मी तिथे येऊन बसायला नको होतं," तो म्हणाला. "गुरुवारी. मला कळत होतं. तुझं गाणं माझ्यामुळे सुटलं. मला माफ कर."

तिने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरची आपुलकी होती, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की काही उपयोग नाही.

"हो," ती म्हणाली. "झालं ना ते आता. बोललो आपण त्यावर."

"मी नाही बोललो!"

"मनातून गेलं माझ्या, खरंच. तुम्ही नका त्रास करून घेऊ."

त्याला हेवा वाटला. आयुष्यभर तो संशयाने जळला होता, पण हे तसलं नव्हतं; संशयाला निदान खात्रीची आशा असते. हा हेवा थंड होता आणि छातीच्या मधोमध बसला होता. डॉक्टरने तर वहीच वाटून घेतली होती. ह्याने माफी नेली. त्याची स्वतःची, जपून ठेवलेली, वेळेवर न काढलेली माफी. आणि ती जिच्यासाठी होती तिनेही ती दुसऱ्याच्या हातून घेतली होती.

तेव्हा मागे पडद्याआड कुणीतरी गुणगुणायला लागलं.

दोघं पुढे होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिचे ओठ मिटलेले होते. मागे ती चाल पहिल्या ओळीपासून सुरू झाली होती, बेसूर, कोरडी, धीम्या आवाजात. कुणी काम करता करता गुणगुणावं तशी. नळ सुरू झाला. मग बंद झाला. ओट्यावर मग ठेवल्याचा आवाज आला, आणि मग दुसरा मग ठेवल्याचा.

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, त्याच्यासाठी. मग पट्टा काढला.

"आले हं," ती म्हणाली. त्याला नाही, मागे.

पडद्याच्या दोन कड्या तुटल्या होत्या, त्यामुळे वरचा कोपरा लोंबत होता. पुढच्या वळणावर गाडी कलली तसा तो कोपरा आणखी खाली आला, आणि आतल्या आरशात त्याला बाकड्याचा तुकडा दिसला. तिचे पाय दिसले, कुणाच्या तरी मांडीवर ठेवलेले. त्यांवरून फिरणारा एक हात. मधल्या बोटाच्या पेराला पेन धरून धरून आलेला कडक घट्टा.

गाडी सरळ झाली. कोपरा परत वर गेला.

त्याने स्वतःच्या मधल्या बोटाला अंगठा लावून पाहिला. घट्टा तिथेही होता. दोन्हीकडे होता.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. पुढे उतार होता, समोरून गाड्या येत होत्या, आणि रस्त्यावर नजर ठेवणारं दुसरं कुणी त्या सीटवर नव्हतं.

८

चौथ्या दिवशी साडेचारला ते त्यांच्या गल्लीत शिरले.

गल्ली अरुंद होती. त्याने बाहेरचे दोन्ही आरसे आत दुमडले आणि कासव भिंतींच्या मधून इंच इंच सरकवत घरासमोर आणलं. महिन्याभराने घर तसंच होतं, पायऱ्यांवर पानं साठलेली, टपालाची पेटी फुगलेली. गाडीचं मागचं दार डाव्या अंगाला होतं, त्याच्या सीटवरून न दिसणारं. समोरच्या काचेतून शेजारच्या काकू दिसत होत्या, हातात पाण्याची झारी. एकोणीस वर्षं शेजारी राहणाऱ्या. घराची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

मागचं दार उघडलं, पायरी बाहेर आली. बायको उतरली. तिचं वजन गेलं तशी गाडी स्प्रिंगांवर किंचित वर आली. त्याला ते सीटखाली जाणवलं.

मग पायरी पुन्हा करकरली. गाडी आणखी एकदा वर आली. पहिल्यापेक्षा जास्त.

त्याने दाराच्या मुठीला हात घातला, पण ओढली नाही. तो काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"अगंबाई, आलात की!" काकूंनी झारी खाली ठेवली. "आणि काय गं, चेहरा बघ कसा फुललाय तुझा! समुद्र मानवला म्हणायचा." मग त्यांची नजर तिच्या डोक्यावरून वीतभर वर गेली आणि तिथे थांबली. त्यांचे डोळे मोठे झाले, आणि मग त्या मनापासून हसल्या. "अहो, तुम्ही? ओळखू आला नाहीत मला! चक्क हसताय!"

कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं, खालच्या आवाजात. काकू खळखळून हसल्या. बायकोही हसली.

किल्ली दारात फिरली. पावलं आत गेली. दार लागलं.

आता काकू गाडीच्या पुढच्या बाजूने वळसा घालून त्याच्या खिडकीशी आल्या. त्याने काच खाली केली. त्याला वाटलं, आता त्या दचकतील. आता किंचाळतील, घराकडे बघतील, परत माझ्याकडे बघतील, आणि मग मी कुणालातरी सगळं पहिल्यापासून सांगेन.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू होतं, अनोळखी माणसाला द्यायचं, नेमकं तेवढंच.

"ड्रायव्हरदादा," त्या म्हणाल्या, "गाडी जरा पुढे घेता का? माझं फाटक अडतंय."

"काकू," तो म्हणाला. "मी आहे."

"हो हो, तुमचं काही नाही. गल्लीच अरुंद आहे." त्यांनी घराकडे पाहिलं. वरच्या खोलीची खिडकी आतून कुणीतरी उघडत होतं. "त्यांचं काम झालं आता. दमलेत दोघं, बाहेर यायची नाहीत. तुम्ही घ्या पुढे."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग वरच्या खिडकीकडे. तिथे पडदा हलला आणि स्थिर झाला, आणि बायको गायला लागली. खिडकी उघडी ठेवून, पूर्ण आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"ऐका," काकू म्हणाल्या. "किती वर्षांनी!"

तो गाणं ऐकत होता. ते सुंदर होतं. आजवर त्याने ते कधी हाताची घडी न घालता ऐकलं नव्हतं.

"हो," तो शेवटी म्हणाला. "घेतो पुढे."

त्याने गाडी फाटक मोकळं होईल एवढी पुढे घेतली. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी फाटक होतं, म्हणून आणखी थोडी. पुढे गल्लीत वळायला जागा नव्हती.